परळचं रक्त, शहापूरचं पाणी

1928 च्या एप्रिलअखेर मुंबईतल्या कापड गिरण्या संपामुळे बंद पडल्या, त्या ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार पाच-सहा महिने बिनपगारी होते. गावी थोडंफार शेत असलेले कोकणात, घाटावर निघून गेले. बाकीचे परळ-लालबागच्या चाळींत वाण्याच्या उधारीवर दिवस काढत राहिले. त्याच वर्षी लूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टरबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या. संपाशी त्यांचा काही संबंध नव्हता. गरोदरपणात अंगातलं रक्त आटून बायका मरतात त्या का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. पण हा शोध त्यांना सूक्ष्मदर्शकावरून उठवून चाळींतल्या चुलीपर्यंत घेऊन गेला.

इन्स्टिट्यूटची इमारत म्हणजे गव्हर्नरसाहेबाचा जुना वाडा. प्लेगच्या धामधुमीत 1899 मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली आणि 1925 मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. परळमध्येच 1926 साली केईएम रुग्णालय आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं होतं. म्हणजे प्रयोगशाळा, बाळंतिणींच्या खाटा आणि गिरण्या, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. शहराला 1892 पासून तानसा तलावाचं पाणी येत होतं आणि तानसा शहापूर तालुक्यात आहे. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, पुढे तिच्यापाशी यायचं आहे.

विल्सबाईंना इथे बोलावण्यामागे मार्गारेट बाल्फोर यांचा हात होता. या स्कॉटिश डॉक्टर हिंदुस्थानात अनेक वर्षं काम करून इथल्या बाळंतपणांबद्दल कोणत्याही साहेबापेक्षा जास्त जाणत होत्या. मुंबईची तेव्हाची स्थिती काय होती? 1921 साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकं वर्षाच्या आत गेली. जन्मांची नोंद अर्धवट होत असे, अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे हे कबूल. निम्मा केला तरी अंगावर काटा येतो. बाळांच्या मरणाची निदान मोजदाद तरी होती, आयांच्या मरणाची तीही धड नव्हती. म्हणून इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली, आणि तिच्यातला पांडुरोगाचा भाग विल्सबाईंकडे आला.

पांडुरोग आपल्याकडे कुणाला नवा नव्हता. चरकसंहितेत त्याचं वर्णन आहे, त्यावर लोहाची आणि मंडुराची औषधं आहेत. विलायतेत सतराव्या शतकात सिडनहॅम लोखंडाचा कीस दारूत घालून पाजत असे. फ्रान्समध्ये ब्लोच्या लोहगोळ्या 1832 पासून चालू होत्या. फिकुटलेल्या माणसाला लोखंड द्यावं, हे दोन्हीकडच्या वैद्यांना पटलेलं होतं आणि ते बरोबरही होतं. अडचण एवढीच, की मुंबईतल्या या बायकांपैकी पुष्कळजणींना लोहाने गुण येईना. नखं पांढरी, जीभ सोललेली, पायांवर सूज, दोन पावलं चाललं की धाप. सातव्या-आठव्या महिन्यात बाई प्रसूतिगृहात यायची ती काडीसारखी होऊन. बाळंतपणात रक्त सगळ्यांचंच जातं. धडधाकट बाई ते सोसते, हिच्याजवळ सोसायला काही उरलेलंच नसायचं.

रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला की फरक उघड दिसे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात, मधोमध जवळजवळ पांढऱ्या. इथे उलटं होतं. पेशी संख्येने थोड्या, पण प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी, फुगलेली. असं रक्त विलायतेतल्या डॉक्टरांना ठाऊक होतं ते ‘पर्निशियस’ म्हणजे घातक पांडुरोगातलं. त्यावर 1926 मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी भरपूर कलेजी खाऊ घालण्याचा उपाय सिद्ध केला होता आणि पुढे 1934 मध्ये त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेलही मिळालं. पण त्या रोगात जठरातलं आम्ल नाहीसं होतं, मज्जातंतू बिघडतात. मुंबईच्या बायकांत यातलं काही नव्हतं. रक्त तसंच, रोग मात्र दुसरा.

इथे विल्सबाईंनी जे केलं ते त्या काळच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांच्या रीतीत बसणारं नव्हतं. जंतूची आणि विषाची शक्यता तपासून झाल्यावर त्यांनी बायका काय खातात आणि कशा राहतात हे पाहायचं ठरवलं. 1930 मध्ये मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यावर विल्स यांच्या जोडीला डॉ. तळपदे यांचं नाव आहे. हे आडनाव पाठारे प्रभूंतलं, म्हणजे अस्सल मुंबईकर. इतिहास सांगणारे बहुतेकदा विल्स यांच्या नावापाशी थांबतात. मला मात्र वाटतं, कुठल्या घरात कुणाला काय विचारायचं आणि बाई ‘जेवले’ म्हणते तेव्हा ती काय जेवली असेल, हे इथल्या माणसाशिवाय उलगडलं नसतं. बाल्फोर आणि तळपदे यांनी त्याच वर्षी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांवरही स्वतंत्रपणे लिहिलं.

गिरणीत तेव्हा साधारण पाचातली एक कामगार बाई होती. बहुतेकजणी रीळ आणि वाइंडिंग खात्यात, नायकिणीच्या, म्हणजे मुकादमबाईच्या, हाताखाली. घरी परतल्यावर पाणी, स्वयंपाक आणि खोलीत खाणावळीची गिऱ्हाइकं ठेवली असतील तर त्यांची ताटं. स्वतः जेवायला बसायची ती सगळ्यांच्या शेवटी. पाहणीतून निघालं ते असं: गरिबांच्या जेवणात धान्य आहे, पण पालेभाजी, फळ, दूध आणि मांस नावापुरतं. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांची स्थिती सर्वांत वाईट आणि हा पांडुरोगही त्यांच्यातच जास्त. धर्माचा इथे संबंध ताटापुरता आणि कोंडलेल्या खोलीपुरता होता.

याच सुमारास, 1928 च्या जुलैमध्ये, मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा चालू होती. कामगारांचे प्रतिनिधी असवले यांनी ते मांडलं होतं. गिरणीमालकांचा विरोध ठरलेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा खर्च मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालकालाही अंग काढून घेता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 मध्ये कायदा झाला: बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार आणि रोजाला आठ आणे. विधिमंडळातले हे लोक आणि परळच्या प्रयोगशाळेतल्या बाई एकमेकांना भेटल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही, पण दोघांचा विषय एकच बाई होती.

पुढची गोष्ट उंदरांची. मुंबईच्या बायकांसारखाच निकस आहार पांढऱ्या उंदरांना दिला, तर गाभण माद्या पांडुरोगाने मरू लागल्या. आहारात यीस्ट मिसळलं की वाचत. विल्सबाईंना वाटलं, सापडलं. मग लक्षात आलं, की उंदरांच्या अंगावर उवा आहेत आणि उवांतून आलेल्या बार्टोनेला जंतूने त्यांचं रक्त बिघडवलंय. पुरावा गेला, पण यीस्टवरची शंका मनात घर करून राहिली. मग माकडं आणली. त्यांना तोच आहार दिला आणि रक्त उतरल्यावर ‘मार्माइट’ चारलं. माकडं सुधारली.

मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा अर्क. काळा, खारट, काकवीसारखा दाट. इंग्रजांच्या पोराबाळांना पावावर लावून देतात. स्वस्त, टिकाऊ आणि मुख्य म्हणजे कलेजी नव्हे. ज्या बायका मांसाला शिवत नसत त्यांच्याही गळी उतरण्यासारखं. दारूच्या भट्टीतून निघालेली वस्तू सोवळ्यातल्या बाईला चालून जावी, ही गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानी आली की नाही, कोण जाणे. रोगी बायकांना ते देऊ लागल्यावर चार-पाच दिवसांतच रक्तात कोवळ्या पेशी दिसू लागल्या, जेवणावरची वासना परतली, धाप कमी झाली. 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि तसं त्यांनी लिहिलंही. पुढे आणखी एक गोष्ट समोर आली: घातक पांडुरोगावर चालणारा कलेजीचा शुद्ध केलेला अर्क या बायकांवर चालत नसे, साधा अशुद्ध अर्क मात्र चालत असे. म्हणजे शुद्ध करताना जे फेकलं जात होतं, तेच हे औषध. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

मधल्या काळात विल्सबाई निलगिरीत कुन्नूरला, मॅकॅरिसन यांच्या पोषण प्रयोगशाळेत आणि मद्रासच्या बायकांच्या रुग्णालयातही काम करून आल्या. 1937 मध्ये पुन्हा मुंबईला यायला निघाल्या तेव्हा साउदॅम्प्टनहून कराचीपर्यंत उडत्या बोटीने आल्या. लंडनमध्ये त्या सायकलवरून हिंडत, पुढे चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. लग्न केलं नाही. 1964 मध्ये वारल्या.

त्या अनामिक वस्तूला नाव मिळालं पालकामुळे. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक आटवून अगदी थोडा पदार्थ काढला आणि पानावरून त्याला फोलिक अॅसिड म्हटलं. 1945 मध्ये लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झालं. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव होते. परळच्या बायकांच्या रक्तातून निघालेला प्रश्न एका तेलुगू माणसाच्या देखरेखीखाली अमेरिकेत सुटला. दरम्यान विल्सबाईंनी युद्धकाळच्या लंडनमध्ये रेशनवर जगणाऱ्या गरोदर बायकांना लोह देऊन काय होतं ते तपासलं, त्याचा निबंध 1947 मध्ये आला.

आता लोह आणि फोलिक अॅसिड, दोन्ही हाताशी होती. कुन्नूरची प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला हलली, 1969 मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. 1970 मध्ये केंद्र सरकारने गरोदर बायकांना दोन्ही द्रव्यं एकत्र असलेली गोळी द्यायला सुरुवात केली: 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड, शंभर दिवस. पुढे लोहाची मात्रा 100 वर गेली, 2018 च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’मध्ये परत 60 वर आली आणि दिवस 180 झाले. गोळीचा रंग लाल. किशोरवयीन मुलींची निळी, आठवड्यातून एकदा.

ही लाल गोळी आज भातसानगरच्या आसपासच्या पाड्यांवर आशाताईंच्या पिशवीत असते. भातसानगर म्हणजे भातसा धरणासाठी वसलेली वसाहत. तानसा, मोडकसागर ही आधीची धरणं मुंबईला पुरेनाशी झाली तेव्हा याच शहापूर तालुक्यात, भातसा नदीवर, 88 मीटर उंचीचं हे धरण आलं. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं इथलं आहे. आणि एप्रिल-मे उजाडला की धरणाच्या तालुक्यातल्याच गावपाड्यांना टँकर लागतो. हंडा-कळशी डोक्यावर घेऊन चढ चढणारी बाई आणि सातवर आलेलं तिचं हिमोग्लोबिन, ही जोडी इथल्या दवाखान्यांना नवी नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते निम्म्यावर आलं की काळजाला जास्त धावावं लागतं. गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं की पांडुरोग धरतात, 7 च्या खाली गंभीर.

या भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी. पावसाळ्यात भाताची आवणी, दिवाळीनंतर पुष्कळ घरं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर. आवणीत पाय दिवसभर चिखलात. जंताचं, म्हणजे आकडेकृमीचं, पोर याच ओल्या मातीत असतं आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतं. आतड्याला चिकटलेला एक जंत, जातीनुसार, दिवसाला 0.03 ते 0.2 मिलिलिटर रक्त खातो. लहान जातीचे शंभर जंत धरा: रोज तीन मिलिलिटर रक्त, म्हणजे दीड मिलिग्रॅम लोह. आता जमेची बाजू. डाळ-भात-भाजीतल्या लोहापैकी अंगाला लागतं ते फार थोडं, आणि चांगल्या जेवणातूनही बाईच्या अंगी रोज एक-दोन मिलिग्रॅमच मुरतं. जंताने खाल्लं की शिल्लक शून्य. त्यात पाळी, लागोपाठची बाळंतपणं. एका गरोदरपणाला सुमारे हजार मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईच्या अख्ख्या अंगात ते असतं दोन-तीन हजार.

गोळी का खाल्ली जात नाही, याची कारणं पाड्यावर मोकळेपणी ऐकायला मिळतात. गोळी गरम पडते. तोंडाला लोखंडाची चव येते. शौचाला काळं होतं. बाळ काळं होतं. बाळ मोठं होऊन अडतं. पहिली तीन कारणं तर खरीच आहेत. उरलेली दोन निराधार, पण अडलेलं बाळंतपण पाहिलेल्या सासूला ती भीती खोटी वाटत नाही, आणि रात्री शहापूर गाठायला गाडी मिळत नसेल तर मलाही वाटली नसती. आशाताई आपल्या परीने सांगते: “जेवल्यावर घे गं, वर लिंबू पिळून पाणी पी. चहाबरोबर अजिबात नको.” चहा लोहाला आतड्यातच बांधून ठेवतो, आंबट पदार्थ त्याला सोडवतो. हे शास्त्र अगदी पक्कं आहे. फक्त पाड्यावर बिनदुधाचा चहा घोटाघोटाला आणि लिंबू विकतचं.

मात्र पोटाची सगळीच दैना नाही. पहिल्या पावसानंतर याच डोंगरांत टाकळा, कुरडू, कवळा, भारंगी, शेवळं उगवतात. जून-जुलैत शहापूर-मुरबाडच्या बायका भल्या पहाटे उठून रान पालथं घालतात, पाटीभर पानं घेऊन गाडी पकडतात आणि कल्याण-डोंबिवली स्टेशनबाहेर वाटे मांडून बसतात. चार टन पालकातून शास्त्रज्ञांनी जे काढलं ते या पाटीत आहे. ती डोंबिवलीला का जाते हे बाईला विचारायची गरज नाही, पैसे हवे असतात. घरी भात आणि मिरचीचा ठेचा. नागली-वरी होती तिथे रेशनचा पांढरा तांदूळ आला. पोट भरलं, पण नागलीतून जे मिळायचं ते गेलं.

शासनाने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. जंतनाशकाची गोळी वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत देतात. अमृत आहार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात बाई शेवटी नाही, आधी जेवते आणि तेही कुणाला वाढून न देता.

एकूण हिशेब मात्र उलटा आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 मध्ये महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के पांडुरोगी होत्या, 2019-21 मध्ये 54.2 टक्के. लहान मुलांचं प्रमाण 53.8 वरून 68.9 वर गेलं. गोळ्यांचं वाटप वाढलेल्या वर्षांतच हे घडलं. आकड्यांवर वाद आहेत. बोट टोचून काढलेला थेंब आणि शिरेतून घेतलेलं रक्त यांचं माप जुळत नाही, हा त्यातला सगळ्यात वजनदार. वाद जमेला धरूनही माझं मत असं, की परळच्या त्या चौकशीतून आपण अर्धंच उचललं. पाहणीतून दोन गोष्टी निघाल्या होत्या, एक औषध आणि एक ताट. औषध कारखान्यात होतं, पिशवीत भरून वाटता येतं, वाटल्याचा आकडा महिन्याच्या तक्त्यात लिहिता येतो. ताटासाठी मजुरी, पाणी, जमीन आणि घरातल्या जेवणाची पंगत यांना हात घालावा लागतो. गोळी हवीच, तिने लाखो बाळंतिणी वाचल्या असतील. पण विल्स आणि तळपदे चाळीत शिरल्या होत्या त्या बाई काय खाते हे पाहायला. तो प्रश्न तक्त्यातून गळाला.

सहाव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून बोट टोचून रक्त तपासणं वगळण्यात आलं. ते काम आता वेगळ्या आहार आणि जैवचिन्ह पाहणीकडे दिलं असून, तिच्यात शिरेतलं रक्त घेतात आणि लोक काय खातात याचीही नोंद करतात. ही पाहणी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे आहे, म्हणजे विल्सबाई जिथे काही काळ राबल्या त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेच्या वारसाकडे.